भूल उतरवणारं प्रेशर

प्रश्न: सरांनी सांगितलं की भूल चढलेल्या टॅडपोलना (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांना) खूप प्रेशरखाली ठेवलं की ते परत पोहायला लागतात, कारण पेशीच्या पडद्यातलं लिपिड, म्हणजे चरबीसारखा पदार्थ, पुन्हा घट्ट होतं. हे खरंय का?

उत्तर: पोहतात हे अगदी खरं. १९५० साली जॉन्सन आणि फ्लॅगलर यांनी अल्कोहोलने निपचित पडलेल्या टॅडपोलवर १०० ॲटमॉस्फिअरपेक्षा जास्त प्रेशर दिलं तर ते पोहायला लागले, आणि प्रेशर काढलं की पुन्हा निपचित!

आता लिपिडचं बघू. थिजलेलं तूप उन्हात पातळ होतं तसं लिपिडही ठरावीक तापमानाला पातळ होतं, लॅबमध्ये नेहमी वापरतात ते डीपीपीसी ४१ डिग्रीला. भुलीचं औषध पातळ लिपिडमध्ये चांगलं विरघळतं, घट्टमध्ये फारसं नाही, त्यामुळे लिपिडला पातळ राहणं सोपं जातं आणि वितळणबिंदू खाली येतो. प्रेशरचं बरोब्बर उलटं, कारण पातळ लिपिडला जागा जास्त लागते, डीपीपीसीत साधारण ४ टक्के, मग दाबलं की ते घट्ट व्हायला बघतं आणि १००० ॲटमॉस्फिअरला वितळणबिंदू २० डिग्रीच्या आसपास वर चढतो. हिशोब इतका छान जुळतो की कुणालाही पटावा.

पण तेवढ्यावर उत्तर लिहून मोकळे होऊ नका. ऑपरेशनच्या डोसने वितळणबिंदू जेमतेम अर्धा-एक डिग्री हलतो, मग दोन डिग्री ताप चढलेला माणूस बेशुद्ध का पडत नाही? मला हा आक्षेप सगळ्यात जड वाटतो. शिवाय १९८४ मध्ये लंडनला फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्यातलं ल्युसिफरेज हे उजेड पाडणारं प्रोटीन घेतलं, त्यात लिपिडचा थेंबही नाही, तरी भुलीच्या औषधांनी ते बंद पडलं आणि तेही जवळपास भुलीच्याच डोसला. पुढे गाबा-ए रिसेप्टर या मेंदूतल्या नसांना शांत करणाऱ्या प्रोटीनमधलं फक्त एक अमिनो ॲसिड बदललेल्या उंदरांवर प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचा असर खूपच कमी झाला, लिपिड तर त्यांचं तेच होतं.

मग टॅडपोल जागे कसे झाले? प्रेशर स्वतःच नसांना चाळवतं. हेलियम-ऑक्सिजनवर १५० मीटरपेक्षा बरंच खाली गेलेल्या डायव्हर्सचे हात थरथरतात ते त्यामुळेच, आणि ती थरथर कमी करायला गॅसमध्ये मुद्दाम थोडा नायट्रोजन घालतात कारण प्रेशरखाली तो भुलीसारखा वागतो. म्हणजे दोन वेगवेगळ्या जागी होणारे परिणाम एकमेकांना खोडत असतील, हेही शक्य आहे. सरांना हे नक्की विचारा.