जीआरई क्वांट १५८ वर अडकलंय, गणित चांगलं असूनही मार्क नेमके कुठे जातात?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंग झालंय, गणित पहिल्यापासून चांगलं आहे, तरी जीआरईच्या (परदेशात मास्टर्स वगैरेसाठीची प्रवेश परीक्षा) मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, क्वांट (गणिताचा भाग, १७० पैकी) १५८ च्या वर सरकत नाही, मग सगळे फॉर्म्युले परत पाठ करायला घ्यावेत का. माझ्या मते नको. जीआरईत इंटिग्रेशन नाही, ट्रिग्नॉमेट्री नाही, बराचसा भाग आपल्या दहावीपर्यंतचाच आहे, वर थोडी प्रॉबॅबिलिटी, स्टँडर्ड डेव्हिएशन, नॉर्मल डिस्ट्रिब्युशन वगैरे. मी स्वतः परीक्षा दिलीये आणि आता ज्युनिअर मुलामुलींच्या मॉक त्यांच्यासोबत बसून तपासतो, त्यात इंजिनिअर मंडळींचे मार्क बहुतेक वेळा एकाच कारणाने जातात, प्रश्नात न दिलेली अट ते मनातल्या मनात धरून चालतात.

हे सगळ्यात जास्त दिसतं क्वांटिटेटिव्ह कंपॅरिझनमध्ये, म्हणजे ए आणि बी अशा दोन राशींची तुलना करायच्या प्रश्नांत; पर्याय चार असतात, ए मोठी, बी मोठी, दोन्ही समान, किंवा सांगता येत नाही. एक उदाहरण बघा. दिलंय की वाय/एक्स > १. क्वांटिटी ए आहे वाय, क्वांटिटी बी आहे एक्स, मोठं कोण? आपला हात लगेच एक्स पलीकडे नेतो, वाय > एक्स, ए मोठी, झालं. पण एक्स धन आहे असं सांगितलंय कुठे? एक्स = २, वाय = ३ घेतलं तर ए मोठी, आणि एक्स = -२, वाय = -३ घेतलं तर भागाकार तोच दीड येतो पण आता बी मोठी. म्हणजे उत्तर चौथा पर्याय, दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. म्हणून व्हेरिएबल दिसलं की आधी एक सोपी संख्या घाला आणि मग मुद्दाम ते उत्तर मोडायचा प्रयत्न करा, शून्य घालून बघा, एक घाला, ऋण संख्या, शून्य आणि एकच्या मधला अपूर्णांक. दोन वेगळी उत्तरं आली की चौथा पर्याय मारून पुढे. मात्र दोन-तीन संख्यांना उत्तर सारखं आलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, तिथे थोडी बीजगणिताची मांडणी करावीच लागते. आणि दोन्हीकडे नुसत्या संख्याच असतील तर चौथा पर्याय असूच शकत नाही, तो आधीच काढून टाका.

आकृत्यांचंही तसंच. भूमितीची आकृती प्रमाणात काढलेली असेलच असं नाही, काटकोन दिसतो म्हणून काटकोन धरू नका. ग्राफ आणि संख्यारेषा मात्र प्रमाणात असतात, तिथे नजरेचा अंदाज बिनधास्त वापरा.

वेळेचं गणित सप्टेंबर २०२३ पासून बदललंय. पहिला सेक्शन १२ प्रश्न २१ मिनिटं, दुसरा १५ प्रश्न २६ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. तुमच्या मॉक २० प्रश्न ३५ मिनिटंवाल्या असतील तर त्या जुन्या पॅटर्नच्या आहेत, एका प्रश्नाला वेळ तेवढाच असल्याने सरावाला चालतील, पण सेक्शनच्या लांबीचा अंदाज त्यांच्यावरून बांधू नका. पहिल्या सेक्शनमध्ये कसं केलं त्यावर दुसरा किती अवघड येणार ते ठरतं, म्हणून पहिल्यात घाई करून सोपे प्रश्न घालवणं फार महागात पडतं. अडलं की मार्क करा, पुढे जा, त्याच सेक्शनमध्ये परत येता येतं. निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी कॅटची सवय असलेली मुलं प्रश्न कोरे सोडतात, प्लीज असं करू नका, वेळ संपत आली की काहीतरी टिक कराच. चौकोनी बॉक्सवाल्या प्रश्नात सगळे बरोबर पर्याय निवडले तरच मार्क, अर्धे मार्क मिळत नाहीत. कॅल्क्युलेटर स्क्रीनवर असतो पण एकेक बटण दाबण्यात वेळ जातो, १५ टक्के काढायला तो उघडायची गरज नाही.

चुकांची वही ठेवत असाल तर त्यात टॉपिकचं नाव लिहून थांबू नका, प्रश्नात काय विचारलं होतं आणि तुम्ही काय धरलं हे दोन ओळीत लिहा, आठवड्याभरात तुमचा पॅटर्न दिसायला लागेल. कुणाचं उत्तर तासात येतं आणि विचारलेलं असतं मिनिटात, कुणी २० टक्क्यांवरून २५ टक्के झालं की वाढ ५ टक्के लिहितं, खरं तर ती २५ टक्के वाढ आहे.

जीआरई घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या पॉवरप्रेप या ऑनलाइन सरावात दोन टेस्ट फुकट मिळतात, एक आत्ता द्या, दुसरी शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. ती देताना निबंधासकट सलग द्या कारण खऱ्या परीक्षेत आता मधे ब्रेक नाही, आणि घरून परीक्षा देणार असाल तर आकडेमोड साध्या कागदावर चालत नाही, छोटा व्हाइटबोर्ड आजच घ्या आणि सराव त्यावरच करा.