‘चेंबरात वर्गणी भरून मिळतं काय?’

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्याजवळ नऱ्ह्याला वडिलांचं मशीन शॉप, दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीनं, आठ माणसं. ओळखीचे एक जण ‘चेंबरचा (म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचा) सभासद हो’ म्हणतायत आणि वडील म्हणतायत, तो मोठ्या लोकांचा क्लब, आपलं काय काम तिथे? वडिलांचं निम्मं बरोबर आहे. भोसरीत वर्कशॉप टाकून मला बावीस वर्षं झाली, त्यातली पहिली नऊ मीही हेच बोलत काढली.

आधी कुठलं चेंबर ते ठरवा. मार्केट यार्डातल्या माणसाला ‘चेंबर’ म्हणजे दि पूना मर्चंट्स चेंबर. गूळ-भुसारवाल्यांचं, मूळचं नाना पेठ-भवानी पेठेच्या वळणाचं. तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांच्या मनात बहुधा मराठा चेंबर असणार. ते १९३४ सालचं, आ. रा. भटांनी उभं केलेलं; पूर्वी टिळक रोड म्हणजे चेंबर असं समीकरण होतं, आता सेनापती बापट रस्त्यावर. नाव ‘मराठा’ असलं तरी जातीशी संबंध नाही. आमच्याकडे एका नव्या अकाउंटंटने हे फार गंभीरपणे विचारलं होतं, म्हणून सांगून ठेवतो. धान्य-किराण्याचा धंदा असता तर मी तुम्हाला मार्केट यार्डात पाठवलं असतं. जॉबवर्कवाल्याला, म्हणजे दुसऱ्यांचं काम करून देणाऱ्याला, मराठा चेंबर. गल्लीतलं ड्रेनेज, रस्ता, दिवे यासाठी मात्र तुमच्या भागातली उद्योजकांची संघटना जास्त उपयोगी, तिची वर्गणी आधी भरा.

आता ‘मिळतं काय’. चेंबर म्हणजे सरकार नव्हे, कोणाला दंड करू शकत नाही, अडकलेलं बिल वसूल करून देऊ शकत नाही. ते तुमचं रडगाणं निवेदनात बदलतं, एवढंच. पण हे ‘एवढंच’ फार मोठं आहे. आमच्या गल्लीत आठवड्यातून तीन-चारदा वीज जायची. दहा-वीस मिनिटंच, पण चालू जॉब मशीनवर असताना गेली की तो पीस भंगारात. मी एकट्याने वीज कंपनीकडे दोन वर्षं अर्ज केले, प्रत्येकाची पोचपावती फाइलला आहे. मग चेंबरच्या एका बैठकीत बोललो, तर तिथल्या बाईंनी सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही, सरळ विचारलं, “नोंद आहे का? तारीख, वेळ, किती मिनिटं, किती पीस गेले?” नव्हती. तेरा शेडवाल्यांनी मिळून तीन महिने वही ठेवली. ते कागद चेंबरच्या पत्राबरोबर गेले तेव्हा पहिल्यांदा आम्हाला समोर बसवून ऐकून घेतलं गेलं. फीडरचं, म्हणजे आमच्याकडे वीज आणणाऱ्या लाइनचं, काम व्हायला पुढे दीड वर्ष गेलं, हेही सांगतो, नाहीतर तुम्ही महिन्यात चमत्काराची वाट बघाल.

पैसे अडकण्याचंही तसंच. माझं एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे नऊ महिने अडकलं होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज, असं आहे हे मला चेंबरच्या एका दुपारच्या कार्यशाळेत कळलं. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. तक्रार याच कायद्याखालच्या सरकारी सुविधा परिषदेकडे करायची, चेंबरकडे नाही. पण कागद कसे लावायचे ते तिथे शिकवलं. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) माल पाठवण्याच्या आधीची हवी, नाहीतर समोरचा वकील तिथेच अडवतो. तुमची नोंदणी आहे ना? फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. आता प्राप्तिकराचं ४३बी(एच) हे कलम आल्यापासून, म्हणजे २०२३-२४ च्या हिशोबापासून, मुदत उलटून मार्चअखेरही थकलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्च आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून फोन करतात. मला तरी ते संगीत वाटतं.

निर्यात करणार असाल तर चेंबरचं काम पडू शकतं. माल भारतात तयार झाल्याचं बिगर-सवलतीचं उत्पत्ती प्रमाणपत्र मान्यताप्राप्त चेंबर देतं. २०२५ पासून अर्ज डीजीएफटीच्या (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरूनच. व्यापार कराराखाली आयातशुल्कात सवलत मिळवून देणारं प्रमाणपत्र वेगळं, ते सरकारी यंत्रणा देतात. या दोन्हींत गल्लत केली तर तिकडे गिऱ्हाइकाला पूर्ण ड्यूटी बसते आणि शिव्या तुम्हाला.

वडिलांचं उरलेलं निम्मं. हो, मोठ्या कंपन्यांचा आवाज तिथे मोठाच असतो. समारंभात पहिली रांग त्यांची, फोटो त्यांचा. पण २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनसाठी शहर धावत होतं, तेव्हा मराठा चेंबरने ‘मिशन वायू’मधून परदेशातून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणवले. ती ताकद मोठ्यांच्या ओळखीशिवाय येत नाही. आणि मार्केट यार्डवाल्यांचं बघायचं तर पुण्यातल्या सामान्य माणसाला त्यांचं चेंबर माहीत आहे ते दिवाळीच्या ना-नफा-ना-तोटा लाडू-चिवड्यामुळे. आमच्या घरी अजूनही तोच येतो. तेच व्यापारी २०२२ च्या जुलैमध्ये पॅकबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी आला तेव्हा बंदलाही उतरले. कर गेला नाही, पण तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटांपुरताच असल्याने बाजारात २६ आणि ३० किलोची पोती दिसायला लागली. व्यापाऱ्याचं डोकं ते!

एक वर्ष भरून बघा, पण नुसतं कार्ड पाकिटात ठेवायला नको. लघुउद्योगांच्या समितीच्या तीन बैठकांना जा. पहिलीत गप्प बसा, दुसरीत प्रश्न विचारा, तिसरीला वही घेऊन जा. तिसरीनंतरही काही वाटलं नाही तर पुढच्या वर्षी भरू नका, कोणी घरी येत नाही.

वडिलांनाही एकदा न्या. बैठक गुरुवारी असेल तर बरं, त्या दिवशी शॉप बंदच असतं, त्यांना निमित्त सापडणार नाही.