वीतभर बर्फ आणि नऊ तासांचा उशीर

प्रश्न : गेल्या जानेवारीत युरोपात रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाडीने प्रवास करताना बर्फामुळे आम्हांला नऊ तास उशीर झाला. रुळांवर बर्फ वीतभरही नव्हता. प्रथम ‘चाळीस मिनिटे’ उशिराची घोषणा झाली आणि पुढे तो आकडा वाढतच गेला. एका मोठ्या स्थानकाबाहेर गाडी उभी असताना एक कर्मचारी रुळांमधला बर्फ चक्क झाडूने झाडत होता. इतक्या प्रगत रेल्वेची ही गत का व्हावी?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या झाडूवाल्याजवळच आहे. सरळ मार्गावरचा वीतभर बर्फ इंजिन सहज बाजूला सारते; गाडी अडते ती सांध्यांपाशी, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागी. एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाताना सांध्याचे सरकते पाते शेजारच्या स्थिर रुळाला घट्ट चिकटावे लागते, आणि मधल्या फटीत मूठभर बर्फ दाबला गेल्यामुळे काही मिलिमीटरचे अंतर जरी उरले, तरी सुरक्षा-यंत्रणा पुढचा सिग्नल देत नाही. सांधे तापवण्यासाठी विजेची किंवा गॅसची सोय असते; परंतु धावत्या डब्यांच्या तळाशी साचलेली बर्फाची ढेकळे नेमकी सांध्यांवर गळून पडली, की ती वितळवणे त्या उष्णतेला लवकर जमत नाही. मग झाडू किंवा फावडे घेऊन माणूसच पाठवावा लागतो. मोठ्या स्थानकाबाहेर असे सांधे डझनावारी असतात.

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. तापमान 30 अंशांनी उतरले, तर 1 किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ सुमारे 35 सेंटिमीटरने आखडेल. जोडून पक्का बसवलेल्या रुळाला आखडता येत नाही, त्यामुळे तो ताणाखाली राहतो आणि एखाद्या कच्च्या जागी तडकतो. जेथे रुळांतून सिग्नलचा विद्युतप्रवाह जातो, तेथे रूळ तुटताच बहुधा तो प्रवाह खंडित होऊन सिग्नल लाल होतो, आणि पाहणी होईपर्यंत गाडी जागची हलत नाही. हा खोळंबा त्रासदायक असला तरी तो यंत्रणा चोख असल्याचा पुरावा आहे.

बर्फ किती पडला यापेक्षा तो कसा आहे, हेही पाहावे लागते. फेब्रुवारी 1991 मध्ये ब्रिटनमध्ये पिठासारखा भुसभुशीत बर्फ हवेबरोबर गाड्यांच्या विद्युत मोटारींत शिरला आणि त्या बंद पडल्या. ‘चुकीच्या जातीचा बर्फ’ म्हणून वृत्तपत्रांनी रेल्वेची यथेच्छ टिंगल केली; माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या रेल्वेचे म्हणणे खरे होते. जपानमध्ये 1964 साली सुरू झालेल्या तोकाइदो शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेच्या मार्गावर सेकिगाहारा परिसरात रुळांवर पाण्याचे फवारे मारतात ते याच भुसभुशीतपणावर उपाय म्हणून. कारण ओला बर्फ उडून डब्यांच्या तळाला चिकटत नाही. तळाला चिकटलेला बर्फ भर वेगात गळला, तर खडी उडून काचा फुटतात, म्हणून तेथे वेगही कमी करावा लागतो.

आता चाळीस मिनिटांचे नऊ तास कसे झाले, ते पाहू. ती घोषणा खोटी असेलच असे नाही. बहुधा ती केवळ एका सांध्याच्या दुरुस्तीपुरती होती. लांब पल्ल्याच्या गाडीला पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मार्ग ठरावीक वेळेपुरताच मोकळा मिळतो. ती वेळ हुकली, की वेळेवर धावणाऱ्या इतर गाड्यांच्या मागे थांबावे लागते, आणि एकेरी मार्ग असल्यास समोरून येणारी गाडी येईपर्यंत वाट पाहावी लागते. त्यात चालकाच्या कामाच्या तासांना मर्यादा असते. अमेरिकेत ती कायद्याने 12 तासांची आहे. तास संपले, की बदली चालक आणावा लागतो, आणि तोही त्याच बर्फातून येणार!

प्रश्न : अशा उशिराची भरपाई मिळते का?

उत्तर : युरोपीय संघात 60 ते 119 मिनिटांच्या उशिरासाठी तिकिटाच्या किमान 25 टक्के, तर 120 मिनिटे वा त्याहून अधिक उशिरासाठी 50 टक्के रक्कम मिळते. जून 2023 पासून मात्र अतितीव्र हवामानामुळे झालेला उशीर यातून वगळता येतो. नेहमीच्या ऋतुमानातील हवामान या सवलतीत बसत नसल्याने वीतभर बर्फाच्या बाबतीत अर्ज जरूर करावा. उशीर 60 मिनिटांचा वा अधिक असल्यास, गाडीत किंवा स्थानकावर उपलब्ध असेल तर खाण्यापिण्याची सोय करणे हवामान कसेही असले तरी रेल्वेवर बंधनकारक आहे. ती सोय मागून घ्यावी.