पुस्तक मध्येच मिटा

इंडोनेशियातल्या प्राथमिक वर्गावर नव्यानेच रुजू झाला असाल, तर गोष्ट शेवटापर्यंत वाचायची घाई करू नका. तिथल्या लोककथेतल्या कांचिलचीच घ्या. हे पिटुकलं हरीण नदीकाठी उभं, पाण्यात मगरी. तिथंच पुस्तक मिटा आणि विचारा, ‘आता पलीकडे कसं जायचं?’ मगरींना मोजायच्या बहाण्यानं रांगेत उभं करून पाठींवरून उड्या मारायची युक्ती बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून आधीच सांगा: ती चालणार नाही. चौघाचौघांचे गट करा. मध्य किंवा पूर्व जावातली पोरं वाद रंगला की घरच्या जावानीज भाषेवर येणारच. तेव्हा टोकू नका. उत्तर मात्र बाहासा इंडोनेशिया या राष्ट्रभाषेत, कागदावर, दोन-तीन वाक्यांत. आणि हो, चित्रं मोठी हवीत. मागच्या बाकांनाही मगर दिसली पाहिजे.