बँड सोडायचा की वक्तृत्व?

‘‘नववीत आला आहे, आता हे बँड आणि एनसीसी बंद करायला तुम्हीच सांगा मॅडम, आमचं ऐकत नाही,’’ अशी विनंती घेऊन दिवाळीच्या सुट्टीनंतर पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी हमखास येतात, कारण प्रथम सत्राचे गुण तेव्हा हाती आलेले असतात. नागपूरच्या महाल भागातून आलेल्या एका दाम्पत्याचे म्हणणेही हेच होते. (मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांचा मुलगा कॅथलिक संस्थेच्या, केवळ मुलांसाठी असलेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकत होता. आठवीत ७८ टक्के मिळवणारा हा मुलगा आता ६४ टक्क्यांवर आला होता. शाळेचा बँड, एनसीसी आणि इंग्रजी वक्तृत्व मंडळ अशा तीन ठिकाणी त्याचे नाव होते. त्यांपैकी पहिली दोन सोडावीत आणि वक्तृत्व तेवढे ठेवावे, कारण त्याने इंग्रजी सुधारते, असे वडिलांचे ठाम मत होते.

आजींची काळजी वेगळी होती. नाताळच्या कार्यक्रमात बँड वाजवायचा म्हणजे आपल्या नातवाला प्रार्थनेलाही बसवणार का, असे त्यांनी आईमार्फत विचारले होते. शासनमान्य शाळेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८(३) मध्ये स्पष्ट आहे. हे समजल्यावर आजींचे समाधान झाले आणि तो विषय तिथेच संपला.

मुलाला मी एकट्याला भेटले आणि एका वहीत आठवडाभर अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवायला सांगितली. पालकांनाही मी नेहमी हेच सुचवते, कारण वेळ कुठे जातो याविषयीचा आपला अंदाज बहुधा चुकीचा असतो. वहीनुसार तिन्ही उपक्रमांचे मिळून नऊ तास होत होते, शिकवणी वर्ग आणि जाण्यायेण्याचे चौदा, तर मोबाईलचे सोळा. मात्र मला तासांपेक्षा कोऱ्या जागा महत्त्वाच्या वाटल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी, म्हणजे वक्तृत्वाच्या सरावाच्या दिवशी, संध्याकाळी त्याने काहीच वाचलेले नव्हते आणि सोमवारी रात्री ‘पोट दुखले’ अशी नोंद होती.

कारण कळायला तिसरी भेट यावी लागली. सकाळच्या परिपाठात भाषण करताना त्याच्याकडून एका शब्दाचा उच्चार चुकला, मुले हसली, आणि तेव्हापासून वर्गात हात वर करून शंका विचारणेही त्याने सोडून दिले. घरी वऱ्हाडी वळणाची मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी माध्यमात हा धक्का किती खोल लागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. विज्ञान आणि गणितातले गुण नेमके त्यानंतर उतरले होते. बँडविषयी मात्र तो आपणहून बोलला. ‘‘तिथे बोलावं लागत नाही मॅडम. आणि मी चुकलो तर सगळ्यांचा ठेका चुकतो, म्हणून सगळे मला शिकवतात.’’

हे त्याच्या संमतीने पालकांना सांगितले तेव्हा वडील बराच वेळ गप्प राहिले. बढतीच्या मुलाखतीत इंग्रजीमुळे आपण मागे पडलो, ते मुलाच्या वाट्याला येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. ती इच्छा मला आजही आदराची वाटते.

एनसीसीचा निर्णय सोपा निघाला. ज्युनिअर डिव्हिजनचे प्रशिक्षण दोन वर्षांचे असते, आणि ‘ए’ प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसण्यासाठी दोन्ही वर्षी ७५ टक्के हजेरी व एक वार्षिक शिबिर आवश्यक असते. मुलगा आठवीत दाखल झाला होता, म्हणजे नववीअखेर ते आपोआप संपणार होते. मध्येच सोडले असते तर दोन वर्षांचे कष्ट वाया गेले असते. वक्तृत्व वर्षभर थांबवावे आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी त्याच्याकडून आठवड्यातून एकदा, चार-पाच मुलांतच, एक उतारा वाचून घ्यावा, असे ठरले. रात्री नऊनंतर मोबाईल आईकडे ठेवायचा, हे त्याने कुरकुर करत का होईना, मान्य केले.

मंडळातून नाव काढून घेण्याची त्याला भीती वाटत होती, कारण ते पाहणाऱ्या फादरना वाईट वाटेल असे त्याच्या मनाने घेतले होते. वडील शाळेत फोन करायला तयार होते, पण मी थांबवले, कारण नकार देता न येणे हेच त्याचे दुखणे होते. अर्ज त्याने स्वतः लिहिला, माझ्यासमोर दोनदा वाचला आणि स्वतः नेऊन दिला. फादरनी तो वाचून एवढेच विचारले, ‘‘बँडला येशील ना?’’

२६ जानेवारीला कस्तुरचंद पार्कवरील संचलन पाहायला आजीही गेल्या होत्या. वार्षिक परीक्षेत त्याला ७१ टक्के मिळाले. गणित अजून कच्चेच आहे. दहावीचे वेळापत्रक त्याने स्वतः आखून आणले, त्यात बँड फक्त शनिवारी आहे, एनसीसीपुढे ‘पूर्ण’ असे लिहिले आहे आणि वक्तृत्वाचा रकाना त्याने खोडलेला नाही, तूर्त रिकामा ठेवला आहे.