व्हेगन कोलॅजन खरंच असतं का?

प्रश्न: ताई, मी वनस्पती पेप्टाइडची पावडर आणि सीरम दोन्ही घेतलंय, डब्यावर 'व्हेगन कोलॅजन' लिहिलंय, ते खरं का? मला गव्हाची ॲलर्जी आहे.

उत्तर: अगं, कोलॅजन म्हणजे माणसांच्या आणि प्राण्यांच्या त्वचेला घट्टपणा देणारं प्रोटीन, वनस्पतींमध्ये ते नसतंच! हे पेप्टाइड म्हणजे सोया, वाटाणा, गहू वगैरेंच्या प्रोटीनचे एन्झाइमने केलेले छोटे तुकडे, पोटात गेले की बहुतेकांचे अमिनो ॲसिड (प्रोटीनचे मूळ घटक) होतात आणि शरीर ते हवं तिथे वापरतं, थेट चेहऱ्याला पाठवत नाही. सीरममधले साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठे रेणू त्वचेत फारसे शिरत नाहीत, वरच ओलावा धरतात, तेही कामाचंच. पण मला काळजी तुझ्या ॲलर्जीची वाटते, जपानमध्ये हायड्रोलाइज्ड, म्हणजे तुकडे केलेलं, गव्हाचं प्रोटीन असलेल्या फेस सोपमुळे हजाराहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली, २०११ मध्ये तो साबण परत मागवला. लेबलवर 'हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन' दिसलं तर सीरम लावूच नकोस गं, आणि पावडरचं लेबल डॉक्टरांना दाखव.