भात सोडला, पण किराण्याची यादी तीच

‘वडिलांच्या अंगावरून वारं गेलं. आईला पंधरा वर्षं साखर आहे. म्हणजे आता माझाच नंबर. भात बंद केलाय, चहा गुळाचा घेतो, सैंधव आणलंय, सकाळी कारल्याचा रस. तरी रिपोर्ट हलत नाही. आणखी काय बंद करू?’

आहार-समुपदेशनाला येणाऱ्या चाळिशीतल्या माणसांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. हे गृहस्थ ४४ वर्षांचे, बैठी नोकरी, घरात पाच माणसं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वजन ७२ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, कंबर ९६. उपाशीपोटी साखर ११४, एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.२. दवाखान्यात मोजलेला रक्तदाब १३८/८८.

त्यांची पहिली चूक समजुतीची होती, ताटातली नव्हती. ‘मी काही जाड नाही’ असं ते दोनदा म्हणाले. भारतीय पुरुषासाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात, बायकांसाठी ८०. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते.

आता त्यांच्या भाताकडे वळू. आधी रात्री दोन भाकरी आणि वाटीभर भात असायचा. भात सोडल्यावर पोट भरेना, म्हणून तिसरी भाकरी आली. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीला विचारलं, ‘ताई, एका भाकरीला पीठ किती घेता?’ त्यांनी ओंजळीचं माप दाखवलं. घरी वजन करून पाहायला सांगितलं, तेव्हा ते ८० ग्रॅम भरलं. ज्वारीच्या ८० ग्रॅम पिठात साधारण ५४ ग्रॅम कर्बोदकं असतात. सोडलेल्या भाताला ४० ग्रॅम तांदूळ लागायचे, म्हणजे ३१ ग्रॅम कर्बोदकं. थोडक्यात ३१ गेली आणि ५४ आली. जेवणानंतर दोन तासांनी घरच्या मशिनवर साखर उतरण्याऐवजी चढली, यात नवल काही नव्हतं.

ज्वारी भातापेक्षा चांगली आहे, हे खरंच आहे. तिच्यात शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात आणि पांढऱ्या तांदळात तीनही भरत नाहीत, त्यामुळे साखर सावकाश चढते. पण ‘ज्वारी चालते’ हे वाक्य घरात शिरलं की भाकरीचा आकार कुणी बघत नाही. गुळाचंही तेच. गुळात मुख्यतः साखरच असते. थोडंफार लोह मिळतं, पण त्यासाठी दिवसाला चार चमचे गूळ खाण्यात अर्थ नाही. सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच, वर त्यात बहुतेकदा आयोडीन घातलेलं नसतं. कारल्याच्या रसाने नुकसान झालं ते एवढंच, की तो प्यायल्यावर उरलेल्या दिवसाची काळजी मिटल्यासारखं त्यांना वाटे.

‘काय बंद करू’ या प्रश्नाचं उत्तर आम्ही सहसा ताटात शोधत नाही. माणूस काय खाल्लं ते विसरतो, थोडं लपवतोही. दुकानदाराची यादी विसरत नाही. ताईंच्या मोबाइलमध्ये महिन्याच्या किराण्याचा फोटो होता. पाच माणसं गुणिले तीस दिवस म्हणजे दीडशे. प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये लिहायचा आणि दीडशेने भागायचा.

गहू, तांदूळ, ज्वारी मिळून ३५ किलो, पोहे-रवा-साबुदाणा ४ किलो. माणशी रोज २६० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या ताटासाठी धान्य २५० ग्रॅम सांगितलंय. म्हणजे ज्या धान्यावर सगळा राग होता, ते जवळपास प्रमाणात होतं.

डाळी आणि कडधान्यं मिळून ३ किलो, माणशी २० ग्रॅम. त्याच ताटात सांगितलेलं प्रमाण आहे ८५ ग्रॅम. वरण रोज होत होतं, पण ते इतकं पातळ की भाताला ओल देण्यापुरतंच. पोट भरायला धान्यच लागत होतं ते यामुळे.

साखर ६ किलो आणि गूळ दीड किलो. आई साखर खात नाहीत, म्हणून इथे दीडशेऐवजी एकशेवीसने भागलं. माणशी ६२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. दोन हजार कॅलरींना हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. गृहस्थांचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे, यातच ४० ग्रॅम संपत होते. बिस्किटं आणि खारी वेगळीच.

मीठ दीड किलो, म्हणजे माणशी १० ग्रॅम. मर्यादा ५ ग्रॅम, साधारण एक सपाट चमचा. या हिशेबात उन्हाळ्यात घातलेलं लोणचं, पापड आणि दुकानातलं फरसाण नाही. कैरीच्या लोणच्याला किलोमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास मीठ पडतं, तेव्हा दोन फोडींतून दीड ग्रॅम तरी पोटात जातं. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, आणि त्यातही सोडियमच.

मिठाचा आकडा पाहून गृहस्थ जरा नाराज झाले. ते साखरेसाठी आले होते. पण त्यांची खरी भीती होती वडिलांसारखं होण्याची, आणि लकव्याचं सगळ्यात मोठं कारण आहे उच्च रक्तदाब. सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो, मेंदूच्या आतल्या बारीक धमन्यांच्या भिंती वर्षानुवर्षं जाड आणि ठिसूळ होत जातात. मग एखादी बंद पडते किंवा फुटते. मधुमेह असेल तर लकव्याचा धोका साधारण दुप्पट होतो. साखर आणि मीठ हे या घरात दोन वेगळे प्रश्न नव्हतेच.

‘मग ते कमी सोडियमचं मीठ आणू का?’ ताईंचा प्रश्न रास्त होता. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात (निष्कर्ष २०२१) नेहमीच्या मिठाऐवजी चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरल्यावर लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. ते सगळे एकतर आधी लकवा होऊन गेलेले किंवा साठीपुढचे रक्तदाबाचे रुग्ण होते. पण या घरात ते मीठ चालणार नव्हतं. वडिलांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.७, म्हणजे वाढलेलं, आणि रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन. मूत्रपिंड अधू आणि अशी गोळी चालू असताना पोटॅशियम साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरात पातेलं एकच, त्यामुळे एकाला न चालणारं मीठ कुणालाच नको. साधंच मीठ, पण कमी.

कमी करताना चव जाणार नाही अशा जागेपासून सुरुवात करायची. कणकेतलं आणि भाताच्या पाण्यातलं मीठ पहिल्याच दिवशी बंद. भाजी-आमटीबरोबर खाताना ते कुणाला कळतही नाही. दुसऱ्या आठवड्यात ताकातलं आणि कोशिंबिरीतलं, त्याऐवजी जिरेपूड आणि लिंबू. ताटात डावीकडे वाढायचं मीठ गेलं. भाजी-आमटीला शेवटी हात घातला, तोही पाव चमच्याने. बहुतेक जण उलटं करतात. पहिल्याच दिवशी आमटी अळणी होते, घरात भांडण होतं आणि चौथ्या दिवशी सगळं पूर्ववत. जिभेला नवी चव रुळायला काही आठवडे द्यावे लागतात.

ताटाचं गणित त्यामानाने सोपं निघालं. भाकरी ५० ग्रॅम पिठाची, दोन. भात पुन्हा सुरू केला, अर्धी वाटी; तो सोडल्याचं दुःख मनात ठेवून कुणी वर्षभर पथ्य पाळत नाही. वरण दाट, माणशी ३० ग्रॅम डाळ, आणि दुसऱ्या वेळेला मोडाची उसळ. जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, भाकरी शेवटी. हा क्रम पाळला तर तेच जेवण साखर कमी चढवतं. वडिलांच्या वाटीतली डाळ मात्र वाढवली नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रथिनं किती द्यायची, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आईंच्या बाबतीत एक धोका वेळेवर लक्षात आला. त्या ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतात आणि मुलाचं पाहून त्यांनीही रात्रीचं जेवण निम्मं केलं होतं. या गोळीवर असताना जेवण अचानक कमी केलं, कडक एकादशी केली, तर साखर धोकादायक उतरते. घाम फुटणं, थरथर, बरळल्यासारखं बोलणं. मशिनवर ७० च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. घरात एकाचं पथ्य सुरू झालं की गोळ्या घेणाऱ्यांचा डोस आधी डॉक्टरांना विचारावा. उपास करायचाच असेल तर साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा राजगिरा, दही, मूठभर दाणे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. दाण्याचं कूट घातल्यानेच काय ती खिचडी बरी.

रक्तदाब दवाखान्यात एकदा मोजून काही ठरत नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी मोजायला सांगितला. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. चहा आणि तंबाखू अर्धा तास आधीपासून नको. सरासरी आली १३६/८८. गोळी सुरू करायची की तीन महिने थांबायचं, हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा होता. त्यांनी थांबायचं ठरवलं.

वजनासाठी एकच उद्दिष्ट दिलं: ५ किलो. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना वजन ७ टक्के उतरवायला आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला लावलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. ७२ किलोचे ७ टक्के म्हणजे पाच. चालणं एकदम तासभर नको, दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं.

आनुवंशिकतेची भीती अशाने जात नाही. आईवडिलांचं रक्त बदलता येत नाही हे खरं. पण त्या दोघांच्या ताटातही वीस वर्षं तेच दहा ग्रॅम मीठ आणि तेच पातळ वरण होतं. वारशात आलेलं किती आणि स्वयंपाकघरातून आलेलं किती, हे वेगळं करता येत नाही. बदलता येतं ते मात्र स्वयंपाकघरातलंच.

एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नसतो. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळाची सरासरी त्यात दिसते. रक्तात लोह कमी असेल तर आकडा खोटाही येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिन सोबत पाहिलं. तीन महिन्यांनी एचबीए१सी ५.८, वजन ६८.५, घरच्या रक्तदाबाची सरासरी १२६/८०. कंबर अजून ९२.

ताईंनी नवी यादीही आणली होती. मीठ ९०० ग्रॅम, साखर-गूळ मिळून ३ किलो, डाळी-कडधान्यं ७ किलो. तेल मात्र ६ लिटरवरून सव्वापाचवर येऊन अडलंय. हिशेबाने ते साडेचार हवं. माणशी रोज ३० मिलिलिटर. मुलाच्या डब्याला तळलेलं लागतं, आणि उरलेलं तळणीचं तेल ताई दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरतात. पुढच्या भेटीत मुलगाही येणार आहे.